उजेडाने जाड की तहानेने? हिमालयातल्या सुयांचे छेद वाचताना

सूचीपर्णा
मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय ठरतोय: हिमाचलमधल्या सूचिपर्णी झाडांच्या सुयांच्या रचनेवर कोरड आणि उजेड यांचा परिणाम. बेत असा आहे की एकाच दरीच्या दक्षिण आणि उत्तर उतारावरून चिरच्या (हिमालयातला तीन सुयांचा पाइन) सुया घ्यायच्या, आडवे छेद काढायचे आणि क्युटिकल (वरचा मेणचट थर), हायपोडर्मिस (त्वचेखालचा टणक थर), मेसोफिल (मधलं हिरवं ऊतक), एन्डोडर्मिसच्या (शिरेभोवतीच्या कड्याच्या) आतला भाग, रंध्रांच्या ओळी हे सगळं मोजायचं. दक्षिण उतार कोरडा, उत्तर उतार ओलसर. सुई जाड, आखूड आणि हायपोडर्मिस भक्कम दिसला तर तो कोरडीचा परिणाम, असं लिहिता येईल ना? पाठ्यपुस्तकात पायनसची (पाइनची) सुई 'मरुवनस्पतीची लक्षणं' या मथळ्याखालीच येते. अजून काय मोजावं, काय टाळावं, तेही सांगा.

टाचणी
दक्षिण उतारावर पाणी कमी आणि ऊनही जास्त. दोन गोष्टी एकदम बदलतायत. छेदात दिसणारा फरक कुणाच्या खात्यावर टाकणार?

ओला_दुष्काळ
टाचणीताई, पहिल्याच प्रतिसादात फाटे फोडू नका. सुईचा सगळा घाटच पाणी वाचवण्यासाठी आहे. रंध्रं खोल दडलेली, वर मेण, पृष्ठभाग कमीत कमी. ऊन लागलं तरी शेवटी सुईतून जातं ते पाणीच. जाड सुई म्हणजे कोरड, हे मला तरी पटतं.

सूक्ष्मदर्शी
ओदु, इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. एक म्हणजे जातीच्या वंशात मुरलेली रचना. दुसरी म्हणजे त्या झाडाने त्या वर्षी, त्या फांदीवर केलेला बदल. खोल रंध्रं, हायपोडर्मिस, कॅस्पेरियन (पाणी अडवणाऱ्या) पट्ट्यांचा एन्डोडर्मिस हे पायनसमध्ये असतंच, मग झाड ओढ्याकाठी असो की कड्यावर.

सिटका स्प्रूस घ्या. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर धो धो पावसात वाढणारं झाड. त्याच्याही रंध्रावरच्या खळग्यात मेणाच्या बारीक नळ्यांचा बोळा असतो. जेफ्री, जॉन्सन आणि जार्व्हिस यांनी १९७१ मध्ये हिशेब मांडला की या बोळ्यामुळे बाष्पोत्सर्जन सुमारे दोन तृतीयांशाने घटतं, प्रकाशसंश्लेषण मात्र एक तृतीयांशानेच. झाडाला सौदा परवडतो, पण बोळा दिसला म्हणून त्या जागी दुष्काळ होता असं म्हणता येत नाही. पाठ्यपुस्तकातला तो मथळा जातीबद्दल आहे, तुमच्या दोन उतारांमधल्या फरकाबद्दल नाही.

आता मुद्द्याचं. सुईच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे सुकं वजन किती, याला एलएमए म्हणतात. तो उजेडानेही वाढतो आणि कोरडीनेही. म्हणूनच सगळा घोळ होतो. पण वजन दोन वाटांनी वाढतं: सुई जाड झाली म्हणून, किंवा आतलं ऊतक घट्ट झालं म्हणून. भरपूर उजेडात मेसोफिलचे थर वाढतात किंवा पेशी आतल्या दिशेने लांबतात, त्यामुळे मुख्यतः जाडी वाढते. पाणी कमी पडलं की पेशी फुगत नाहीत, लहानच राहतात, मधल्या हवेच्या पोकळ्या आकसतात आणि भिंतींचा वाटा वाढतो, त्यामुळे मुख्यतः घनता वाढते. नुसता एलएमए देऊन थांबलात तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. जाडी आणि घनता वेगवेगळ्या स्तंभांत द्या.

गवती_चहा
वाचनखूण साठवली.
पण सुई काही वडा-पिंपळाचं पान नाही. तिची जाडी नेमकी कुठे मोजायची? आणि पृष्ठभाग? स्कॅनरवर ठेवली की दर वेळी वेगळ्या कुशीवर पडते.

सूक्ष्मदर्शी
@गवती_चहा, चिरच्या बाबतीत स्कॅनर सोडूनच द्या. एका गुच्छातल्या तीन सुया एकत्र धरल्या की पूर्ण वर्तुळ होतं, म्हणजे एका सुईचा छेद हा १२० अंशांचा वर्तुळखंड. त्रिज्या 'त्रि', लांबी 'लां' धरली तर:

एका सुईचा संपूर्ण पृष्ठभाग = ४.०९ × त्रि × लां
एका सुईचं घनफळ = १.०५ × त्रि × त्रि × लां

उदाहरणार्थ लांबी २५० मिमी आणि त्रिज्या ०.८ मिमी असेल तर पृष्ठभाग सुमारे ८१८ चौ. मिमी, म्हणजे ८ चौ. सेंमीहून थोडा जास्त, आणि घनफळ सुमारे १६८ घन मिमी. सुई ७० अंश सेल्सियसला ४८ तास वाळवून वजन केलं की वजन भागिले घनफळ म्हणजे घनता. कैलला (हाही पाइनच) पाच सुया, प्रत्येकीचा खंड ७२ अंशांचा, तिथे पृष्ठभागाचा गुणक ३.२६ होतो. दोन सुयांच्या जातींना ५.१४.

त्रिज्या ताज्या सुईच्या मध्यावर मोजायची, वाळवून नाही. सुकलेली सुई आकसते आणि घनता फुगून येते. आणि प्रबंधात 'संपूर्ण पृष्ठभाग' की 'प्रक्षेपित पृष्ठभाग' (वरून बघता दिसतो तेवढाच) हे ठळकपणे लिहा. दोन्ही प्रकारचे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत, आणि लोक ते न बघता एकाच तक्त्यात घालतात.

तिरकस
एवढी भूमिती दहावीत कळली असती तर आज मीही संशोधक असतो.

किन्नौरी_टोपी
जातीबद्दल बोलू. एकाच दरीत दोन्ही बाजूंना चिर मिळणं सोपं नाही. चिरचं राज्य साधारण ५०० ते २००० मीटर, त्यातही उन्हाच्या उतारावर. समोरच्या ओलसर उतारावर बान ओक किंवा वर गेलात तर देवदार. म्हणजे उत्तर उतारावर जी चार चिरची झाडं सापडतील ती बहुधा कडेची, उघड्यावरची असणार. तुलना तिथेच लंगडी पडते.

दुसरं, चिर सुया फार काळ ठेवत नाही. दीड-दोन वर्षांत उतरवतो, आणि उतरवतो तेही ऐन उन्हाळ्यात, एप्रिल ते जून. तोच तो पिरुल, जो कुमाऊँ-गढवालमध्ये वणव्याला तेल पुरवतो. त्यामुळे गेल्या चार-पाच वर्षांच्या सुया एकाच फांदीवर बघायच्या असतील तर चिर कामाचा नाही. राई (हिमालयातला स्प्रूस) किंवा तोस (हिमालयातला फर) घ्या, त्यांच्या फांदीवर चार-पाच वर्षांच्या सुया सहज असतात. कैल मधला.

तिसरं, एक सापळा. 'तीन सुया म्हणजे दोन वाहक वृंद (पाणी-अन्न नेणाऱ्या शिरा)' असं समीकरण मनात धरून चिलगोज्याच्या (हाही पाइनच) छेदाकडे बघू नका. चिलगोजालाही सुया तीनच, ६ ते १० सेंमी, ताठ. पण तो कैलच्या गोतावळ्यातला, त्यामुळे वृंद एकच. चिरमध्ये दोन. किन्नौरमधून आलेल्या मिश्र पिशव्यांत आखूड चिर आणि चिलगोजा यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, आणि मग 'कोरडीमुळे वाहक वृंद एक झाला' असा क्रांतिकारी निष्कर्ष निघतो!

गवती_चहा
खिक्!

टाचणी
किन्नौरीसाहेबांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून. सुई कधी आखली जाते आणि कधी वाढते, हे कळल्याशिवाय छेद वाचूच नये.

स्प्रूस, तोस आणि बऱ्याच पाइनमध्ये पुढच्या वर्षीच्या सुयांचे अंकुर आदल्या उन्हाळ्यात-शरदात कळीच्या आत तयार होतात. फांदीवर सुया किती, हे तेव्हाच ठरतं. त्या सुईत मेसोफिलचे थर किती असावेत याचाही बराच भाग आदल्या वर्षी त्या फांदीला मिळालेल्या उजेडावर अवलंबून असतो. पुढच्या वसंतात कळी फुटली की उरतं ते ताणणं आणि फुगणं. पाइनची सुई गुच्छाच्या बुडाशी वाढते, टोक आधी तयार, बूड शेवटी. या ताणाच्या काळात पाणी आटलं की सुई आखूड राहते. पेशी ताणायला आतून दाब लागतो आणि तो पाण्याचाच असतो.

म्हणून ढोबळ नियम: संख्या आदल्या वर्षाची, आकार चालू वर्षाचा. सुयांची दाटी आणि थर यांचा मेळ आदल्या वर्षाच्या नोंदींशी घाला, लांबी आणि पेशींचा व्यास चालू वर्षाच्या पावसाशी. उलट केलंत तर आलेख सपाट येईल आणि 'परिणाम आढळला नाही' असं लिहून मोकळं व्हाल.

याच कारणाने सावलीतलं झाड अचानक उघड्यावर आलं, शेजारचं झाड तोडलं समजा, तर जुन्या सुया बदलत नाहीत. त्या पिवळ्या पडतात, काही गळतात. पहिल्या वर्षी येणाऱ्या नव्या सुया अधल्यामधल्या असतात, कारण त्यांची आखणी सावलीत झालेली. खऱ्या उन्हाळी सुया त्यानंतर.

ओला_दुष्काळ
हे मान्य. पण मग नुसत्या पाण्याचा परिणाम कुणी वेगळा काढून दाखवलाय का? की सगळं 'दोन्ही मिळून' असंच?

टाचणी
दाखवलाय. स्वित्झर्लंडच्या व्हाले भागात फिनवाल्ड नावाचं स्कॉट्स पाइनचं जंगल आहे. ऱ्होन नदीचं खोरं, पाऊस वर्षाला जेमतेम ६०० मिमी, झाडं वाळत चाललेली. २००३ पासून तिथल्या मोठ्या झाडांच्या काही पट्ट्यांना उन्हाळाभर पाणी देताहेत, शेजारचे पट्टे कोरडेच ठेवलेत. ऊन, माती, वय सगळं सारखं, फरक फक्त पाण्याचा. सुया लांब झाल्या, कोंब लांब झाले, शेंडा दाट झाला. २०१३ मध्ये पाणी दिलेल्या पट्ट्यांपैकी काही भागाचं पाणी मुद्दाम तोडलं, म्हणजे उलटी दिशाही बघता आली. सवय लागलेलं झाड एका वर्षात मूळ पदावर येत नाही, त्याला काही वर्षं लागतात.

यात तुमच्यासाठी एक खोचही आहे. पाणी मिळालं की शेंडा दाट होतो, आणि दाट शेंड्यात आतल्या फांद्यांना उजेड कमी मिळतो. म्हणजे पाणी बदललं की उजेड आपोआप बदलला. त्यामुळे तुलना नेहमी शेंड्याच्या बाहेरच्या, उघड्या फांद्यांचीच.

बोन्साय_बुवा
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. बोन्सायवाले हेच सगळं उलट्या बाजूने वापरतात. जपानी काळ्या पाइनची सुई आखूड हवी असते. त्यासाठी जून-जुलैच्या सुमारास वसंतातली मेणबत्ती, म्हणजे नवा कोंब, बुडापासून कापतात. दुसरी फूट येते तिला वाढीचे दिवस कमी मिळतात, म्हणून सुया आखूड. जोडीला ताणाच्या दिवसांत पाणी थोडं हात राखून, खत बंद, आणि ऊन मात्र पूर्ण.

चुका ठरलेल्या. पाणी तोडायचं ते सुया ताणत असताना. त्या कडक झाल्यावर तोडलंत तर लांबी बदलत नाही, नुसतं झाड मरतं. सावलीत ठेवून पाणी तोडलं तर सुई आखूड होईल पण पातळ आणि लोंबती. आणि पाच सुयांच्या पाइनवर हा प्रयोग करू नये, त्याला वर्षात एकच फूट येते. मेणबत्ती पूर्ण कापली की त्या वर्षीचं खातं बंद. आतल्या फांद्या जगवायच्या तर हिवाळ्याआधी जुन्या सुया उपटून उजेडाला वाट द्यावी लागते.

सूक्ष्मदर्शी
बुवांनी जाता जाता कामाची खूण सांगितली. सावलीतली सुईही आखूड राहू शकते, कारण खायलाच कमी. पण ती आखूड आणि हलकी. कोरडीतली आखूड आणि घट्ट. नुसत्या लांबीवरून ओळखता येत नाही, घनतेबरोबर बघितलं की लगेच वेगळ्या होतात.

समुद्रकाठी
आमच्याकडे दिवेआगर, मुरूड, गुहागरला किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. त्यांच्या सुया कापून चालतील का? हिमाचलला जायचा खर्च वाचेल.

किन्नौरी_टोपी
नाही चालणार, दादा. सुरू सूचिपर्णी नाहीच, ते फुलझाड आहे. सुई दिसते ती हिरवी काडी, म्हणजे बारीक फांदी. ओढली की सांध्यावर तुटते आणि सांध्यावर दातांसारख्या खवल्यांचं कडं दिसतं. तीच खरी पानं. रंध्रं काडीच्या उभ्या खाचांत. स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, पण चिरशेजारी ठेवून तुलना करू नका.

महाराष्ट्रात मूळचं सूचिपर्णी झाड नाही. पश्चिम घाटात एकच, पोडोकार्पसच्या कुळातलं नागेया, तेही खाली दक्षिणेत. आणि त्याची पानं रुंद असतात, सुया नाहीतच.

तिरकस
मग दिवाणखान्यातला तो 'ख्रिसमस ट्री'?

बोन्साय_बुवा
तो अरौकेरिया. सूचिपर्णी आहे, पण पाइन नाही. धाग्याचा निम्मा विषय तो घरबसल्या दाखवतो: खिडकीपासून लांब ठेवला की मजल्यांमधलं अंतर वाढतं, पानं मऊ आणि विरळ होतात, खालचे मजले गळतात. गळलेला मजला पुन्हा फुटत नाही. नंतर उन्हात नेलात तरी जुनी पानं कडक होत नाहीत, नवे मजले तेवढे घट्ट येतात.

रेडवुडकर
कॅलिफोर्नियातल्या रेडवुडचा उल्लेख झाल्याशिवाय हा धागा पुरा होऊ नये. 'उन्हाने जाड' हे गृहीतक तिथेच सगळ्यात जोरात आपटलं.

रेडवुडच्या खालच्या फांद्यांची पानं चपटी, दोन बाजूंना पसरलेली, दोनेक सेंमीपर्यंत. शेंड्याजवळची आखूड, जाड, फांदीला चिकटलेली, जवळजवळ खवल्यांसारखी. बघणारा म्हणेल, वर ऊन, खाली सावली, झालं. पण शंभर मीटर उंच झाडात आणखी एक गोष्ट बदलते: पाण्याचा स्तंभ. गुरुत्वामुळे दर मीटर उंचीला ०.०१ मेगापास्कल (दाबाचं एकक) ताण वाढतो, म्हणजे १०० मीटरवर मुळाशी पाणी भरपूर असलं तरी १ मेगापास्कलचा ताण कायमचा. कोच आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सगळ्यात उंच झाडांवर चढून मोजमापं केली आणि वरची मर्यादा १२२ ते १३० मीटर काढली. त्यानंतर २०१० मध्ये ओल्डहॅम आणि सहकाऱ्यांनी पानांचे छेद बघितले. उंचीबरोबर होणारे बदल उजेडापेक्षा पाण्याच्या ताणाशीच जास्त जुळले. वर जाल तसं पान आखूड, आतली हवेची पोकळी कमी, झायलमचं (पाणी वाहणाऱ्या ऊतकाचं) क्षेत्र कमी, आणि ट्रान्सफ्यूजन टिश्यू मात्र जास्त.

म्हणजे भर पावसाच्या, धुक्याच्या प्रदेशातही शेंडा कोरडीतच वाढतो.

ओला_दुष्काळ
बघा! शेवटी पाणीच!

टाचणी
ओदु, रेडवुडमध्ये. चिरचं झाड २० मीटर धरलं तर गुरुत्वाचा ताण ०.२ मेगापास्कल. दुपारी पाइनच्या सुईतला ताण दीड मेगापास्कलच्या आसपास सहज जातो, त्यात ०.२ म्हणजे किरकोळ. लहान झाडात शेंडा-बुंधा फरकातला बराचसा वाटा उजेडाचाच. मोठ्या देवदाराला मात्र हिशेब करून बघायला हवा.

सूचीपर्णा
ट्रान्सफ्यूजन टिश्यू म्हणजे एन्डोडर्मिस आणि वाहक वृंदाच्या मधला भाग ना? आमच्या प्रॅक्टिकलला त्याला नाव देऊन सोडून देतात. त्याचं नेमकं काम काय?

सूक्ष्मदर्शी
हो, तोच. त्यात दोन प्रकारच्या पेशी: जिवंत पॅरेन्कायमा (पातळ भिंतीच्या साध्या पेशी), आणि मेलेल्या, लाकडी भिंतीच्या, ठिपकेदार ट्रॅकीड (पाणी वाहणाऱ्या पेशी). सुईच्या मध्यातून बाहेर शाखा जात नाहीत, म्हणून वृंदातलं पाणी मेसोफिलपर्यंत याच वाटेने जातं. शिवाय थोडा साठाही.

कोरडीत इथे गंमत होते. या ट्रॅकीडच्या भिंती पातळ असतात. ताण वाढला की पाण्याचा धागा तुटण्याआधी पेशीच चेपते, पिळलेल्या कापडासारखी. ब्रॉड्रिब आणि होलब्रुक यांनी २००५ मध्ये हे एका पोडोकार्पसच्या पानात दाखवलं. पाइनच्या सुईत झायलमच्या भिंती अशा चेपतात हे कोशार्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं. पाणी मिळालं की पेशी पुन्हा फुगते.

आता प्रॅक्टिकलमधली चूक लक्षात घ्या: कोमेजलेली सुई पाण्यात बुडवून छेद काढला की चेपलेलं सगळं पूर्ववत होतं आणि स्लाईडवर काहीच दिसत नाही. चेपलेली अवस्था बघायची तर सुई ताणात असतानाच गोठवावी लागते. साध्या प्रयोगशाळेत हे जमत नाही. तेव्हा तो दावा करू नका, फक्त क्षेत्रफळं मोजा.

स्लाईडवाली
छेदांबद्दल कुणीच काही सांगत नाहीये म्हणून लिहिते. पाइनची सुई हाताने कापणं त्रासाचं: बाहेर हायपोडर्मिस टणक, आत मेसोफिल मऊ. ब्लेड बोथट असेल तर बाहेरचं कडं राहतं आणि आतलं सगळं फाटून जातं.

सुईच्या बरोबर मध्यातला एक सेंमीचा तुकडा घ्या. टोकाकडे आणि बुडाकडे रेझिन कॅनालची (राळेच्या नळ्यांची) संख्याच बदलते, तेव्हा 'कोरडीत कॅनाल वाढले' असं म्हणण्याआधी सगळे छेद एकाच जागचे आहेत का ते बघा. तुकडा गाजराच्या किंवा थर्माकोलच्या चिरेत उभा धरा. ब्लेड नवं, पाण्याने ओलं, एकाच दिशेने ओढायचं, करवतीसारखं नाही. चार-पाच छेदांनी ब्लेडवर राळ चढते, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. तिरका छेद टाकून द्या. तिरक्या छेदात हायपोडर्मिस हमखास जाड दिसतो आणि अर्ध्या प्रबंधांतली 'जाडी' हीच असते.

१ टक्का सॅफ्रानिन तीन ते पाच मिनिटं, मग पाण्याने रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, ग्लिसरीनचा थेंब, कव्हरस्लिप. लाकडी भिंती लाल: हायपोडर्मिस, झायलम, ट्रान्सफ्यूजन ट्रॅकीड. किंवा ०.०५ टक्के टोल्युइडिन ब्लू एक मिनिट, त्यात लाकडी भिंती निळ्या-हिरव्या आणि बाकीच्या जांभळ्या, एकाच रंगात काम होतं. मेसोफिलच्या भिंतींना आत वळलेल्या घड्या दिसल्या की छेद चांगला समजा.

साठवायचं तर एफएए हे द्रावण: ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, फॉर्मॅलिन ५, ग्लेशियल असेटिक आम्ल ५. पण अल्कोहोलने मेण विरघळतं. रंध्रावरचे बोळे बघायचे असतील तर त्या सुया हवेत वाळवून वेगळ्या ठेवा.

गवती_चहा
स्लाईडवालीताई, हे छापून भिंतीला लावतोय.

ओला_दुष्काळ
एक शेवटचा दगड मारून बघतो. कार्बनच्या समस्थानिकांचं (हलका आणि जड कार्बन) प्रमाण बघितलं तर? कोरडीत रंध्रं मिटतात, जड कार्बनचा वाटा वाढतो. तिथे तर उजेडाचा संबंध नाही.

टाचणी
आहे ना. उजेड जास्त मिळाला की प्रकाशसंश्लेषण वाढतं, सुईच्या आतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वापरला जातो, आणि जड कार्बनचा वाटा तसाच वाढतो. रंध्रं मिटून पुरवठा कमी करा की मागणी वाढवा, खूण एकच. एकाच उजेडातल्या सुयांची वर्षागणिक तुलना असेल तर समस्थानिक उपयोगी.

उजेडाचा स्वतंत्र साक्षीदार हवा तर क्लोरोफिल अ आणि ब यांचं गुणोत्तर बघा, सावलीत ते घटतं. ८० टक्के असिटोन, ६६३ आणि ६४५ नॅनोमीटर. सुया वाटताना चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट टाका, नाहीतर सुईतली आम्लं क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम काढतात आणि द्रावण शेवाळी-तपकिरी होतं.

सूचीपर्णा
खूप खूप आभार सगळ्यांचे. दोन उतारांची तुलना सोडून देते. नवा बेत:

उतार एकच, जात राई. प्रत्येक झाडाच्या शेंड्याबाहेरची उघडी फांदी आणि त्याच झाडाची आतली सावलीतली फांदी, यातून उजेड. उघड्या फांदीवर गेल्या चार वर्षांच्या सुया वर्षागणिक वेगळ्या करून, त्या वर्षांच्या पावसाच्या नोंदींशी जुळवून, यातून पाणी. लांबी, घनता, छेदाची मापं आणि क्लोरोफिल गुणोत्तर. पाच झाडं, प्रत्येकी २० सुया, म्हणजे नमुना १००. बरोबर?

टाचणी
बेत चांगला, पण नमुना १०० नाही, पाच. एका फांदीवरच्या २० सुया म्हणजे एकाच झाडाला वीसदा विचारलेला तोच प्रश्न. सुया ८-१० करा आणि झाडं १२-१५ करा, श्रम तेवढेच.

सूक्ष्मदर्शी
भूमितीत एक बदल: राईची सुई चौकोनी छेदाची, वर दिलेले वर्तुळखंडाचे गुणक तिला लागू नाहीत. छेदाच्या फोटोवरून घेर आणि क्षेत्रफळ मोजा आणि लांबीने गुणा. स्टेज मायक्रोमीटरने (मापपट्टी कोरलेल्या काचेने) प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला (भिंगाला) वेगळं कॅलिब्रेशन. सावलीतल्या सुया चपट्या झालेल्या दिसतील, म्हणून उंची भागिले रुंदी हेही एक माप ठेवा.

दुसरं, वर्षागणिक तुलनेत वयाचा घोटाळा आहे. सुई जुनी होते तशी जड होत जाते, आणि आतलं कॅम्बियम (नव्या पेशी घालणारा थर) दरवर्षी थोडा नवा फ्लोएम (अन्न वाहणारं ऊतक) घालत राहतं. झायलम मात्र पहिल्या वर्षीचाच. म्हणून पावसाशी जुळवायला लांबी, झायलमचं क्षेत्र आणि ट्रॅकीडचा व्यास घ्या. फ्लोएम आणि एलएमए घेतलात तर वय आणि पाऊस पुन्हा एकमेकांत गुंतले. घनतेची तुलना सावली-ऊन एवढ्यापुरती, तीही एकाच वर्षाच्या सुयांमध्ये.

ओला_दुष्काळ
कुंडीतली रोपं का नको? शेडनेट आणि पाणी, चार गट, सगळं हातात.

टाचणी
चालेल, पण दोन अडचणी. ७५ टक्के शेडनेटखालची कुंडी उन्हातल्या कुंडीपेक्षा हळू सुकते. सगळ्यांना 'दोन दिवसांआड एक मग' दिलं की सावलीतल्यांना दुष्काळ पडतच नाही. कुंड्या वजनावर ठेवाव्या लागतात: पूर्ण भिजून निथळलेल्या कुंडीतलं पाणी १०० धरून एक गट ८० टक्क्यांवर, एक ४० टक्क्यांवर, रोज वजन करून तेवढंच पाणी.

दुसरी अडचण वेळेची. पाइनच्या पहिल्या वर्षाच्या रोपाला गुच्छ नसतात, एकेकटी कोवळी सुई असते आणि तिचा छेदच वेगळा. आणि कळीत आखणी आदल्या वर्षी होते म्हणून किमान दोन हंगाम हवेत. एमएस्सीत बसत नाही.

स्लाईडवाली
फांदीवर वर्षं कशी ओळखायची ते तिथेच शिकून घ्या: कळीच्या खवल्यांचं कडं जिथे दिसतं तिथे एक वर्ष संपलं. प्रत्येक वर्षाचा तुकडा कापून वेगळ्या झिपच्या पिशवीत, आत ओलसर टिश्यू पेपर, वर झाड-फांदी-वर्ष पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पेनाची शाई पुसली जाते. ताज्या सुयांची त्रिज्या आणि वजन त्याच संध्याकाळी मुक्कामी, बाकीच्या ४ अंशांवर. फॉर्मॅलिनची बाटली कुरिअरला द्यायच्या भानगडीत पडू नका. एफएए परत आल्यावर प्रयोगशाळेत बनवा.

किन्नौरी_टोपी
आणि जाण्याआधी वनखात्याची परवानगी. फांद्या कापणार आहात, पडलेल्या वेचणार नाही. अर्जात जात, झाडांची संख्या आणि फांदीची लांबी लिहा, 'काही नमुने' असं मोघम लिहिलं की कागद परत येतो.